चौदावी फाईल

बायनाबाईनं पिशवीतून वहीचं एक पान काढलं, टेबलावर पसरलं आणि तळहातानं घड्या मोडत नीट सपाट केलं. पानावर निळ्या शाईत एवढंच होतं: अर्ज क्रमांक ११४७, केंद्र २७, ३१ ऑक्टोबर. खाली शहादेवची सही.

बीडच्या कार्यालयात संस्थेची वेबसाइट सांभाळणाऱ्या आम्रपालीनं पान वाचलं आणि यादीवरून बोट खाली खाली नेलं. ११४६ होता. ११४८ होता. मधला नव्हता.

आलेल्या अर्जांची ही यादी कालच लागली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींसाठी संस्थेनं चालवलेल्या निवासी शाळेत सहावीच्या साठ जागा, आणि अर्ज सगळे ऑनलाइन. शेवटची मुदत एकतीस ऑक्टोबर, संध्याकाळी पाच. आज पंधरा नोव्हेंबर. दुपारी दोनला समितीची बैठक होऊन साठ नावं पक्की व्हायची होती. यादीत नाव नाही, हे बायनाबाईला तिच्या कडा गावात कळलं तेव्हा तिनं पहाटेचं पीठ तसंच झाकून ठेवलं आणि लेकीला घेऊन पहिली एसटी धरली होती.

लेक, संगीता, बाहेरच्या बाकावर बसून भिंतीवरचे सूचनाफलक एकेक अक्षर लावून वाचत होती. अग्निशामक यंत्र कसं वापरावं, हेही तिनं वाचून काढलं होतं.

"टोळी उद्या पहाटं निघती," बायनाबाई म्हणाली. "नाव लागलं तर हिला हितंच ठिवते. न्हाई लागलं तर हिला घरी कुणापाशी ठिवू? न्यावंच लागंल. एकदा उसाच्या फडावर गेली की मग शाळा कसली म्याडम, धाकट्याला संभाळत बसंल."

आम्रपालीनं शहादेवला फोन लावला. कड्यात त्याचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान होतं आणि संस्थेनं त्याला केंद्र क्रमांक सत्तावीस दिला होता. त्यानं सांगितलं ते असं: त्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. संगीताचा अर्ज भरला, क्रमांक आला, तो त्यानं नेहमीसारखा वहीत लिहिला आणि एका पानावर लिहून आईलाही दिला. शेवटचं 'जमा करा' दाबलं की चाक फिरत राहायचं आणि पान पांढरं व्हायचं. त्यानं तीनदा दाबलं. तेवढ्यात पाच वाजले आणि अर्जाचं पान बंद झालं. त्याला वाटलं, तीनपैकी एकदा तरी गेला असेल.

अर्ज गेला नव्हता. आणि अर्धा राहिलेला अर्ज आठवड्यानं आपोआप पुसला जाईल अशी सोय आम्रपालीनंच करून ठेवली होती, कारण असल्या अर्ध्या अर्जांनी मागच्या वर्षी यादीत घोळ घातला होता.

ती सचिवांच्या खोलीत गेली. मंजुळाबाई तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी समोरच्या माणसाला वर्गात उभं केल्यासारखं वाटावं, असं त्यांचं ऐकून घेणं होतं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "पाचच्या आत या मुलीनं आपलं दार वाजवलं असेल आणि आपणच उघडलं नसेल, तर तिला आत घ्यायचं माझं काम आहे. पण वाजवलं होतं हे मला दिसलं पाहिजे, आम्रपाली. नुसत्या बोलण्यावर एक जागा दिली तर बाहेर राहिलेल्या चाळीस आयांना मी काय सांगू?"

"लॉगमध्ये असेल बाई. वर्षभराचे लॉग आहेत आपल्याकडं. अर्ध्या तासात आणून देते."

किती सहज म्हणून गेली ती. नंतर दिवसभर हे वाक्य तिच्या कानात वाजत राहणार होतं.

लॉग म्हणजे काय, हे आम्रपाली नव्या लोकांना नेहमी एकाच प्रकारे समजावून द्यायची. शाळेच्या फाटकावर पहारेकरी बसलेला असतो. कोण आलं, किती वाजता आलं, कोणत्या खोलीकडं गेलं, आत घेतलं की परत पाठवलं, हे तो वहीत लिहितो. भलंबुरं काही म्हणत नाही, नुसतं लिहितो. संस्थेची वेबसाइट ज्या लिनक्स सर्व्हरवर चालायची, तो सर्व्हर दूर कुठं तरी भाड्यानं घेतलेला होता आणि तो दिवसरात्र अशी वही लिहायचा. रोज एकदा तो जुनी वही बंद करायचा आणि नवी उघडायचा. कालची वही पहिली, परवाची दुसरी, असे क्रमांक रोज एकानं पुढं सरकायचे. फडताळात जागा चौदा वह्यांचीच. पंधरावी होऊ पाहणारी वही सर्व्हर मुकाट्यानं फाडून टाकायचा. त्यात त्याचा दोष नव्हता. तसं केलं नाही तर वह्यांनीच घर भरून जाईल आणि सर्व्हर बंद पडेल.

म्हणून तीन वर्षांपूर्वी तिनं ऑफिसच्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर एक गडी नेमला होता. लिनक्समध्ये त्याला क्रॉन म्हणतात. ठरल्या वेळी ठरलेलं काम करायचं, एवढंच त्याला कळतं. रोज रात्री दोनला हा गडी सर्व्हरवर जायचा आणि तिथल्या वह्यांच्या नकला करून बीडला आणायचा. काही अडलं तर आम्रपालीला मेल पाठवायचा. पहिल्या वर्षी अशा तीन मेल आल्या होत्या. पुढं सगळं इतकं सुरळीत चाललं, की त्या फोल्डरमध्ये डोकावायचं तिनं सोडूनच दिलं.

तिनं संगणकासमोर बसून ते फोल्डर उघडलं. फाईलींची लांबलचक यादी सरसर वर गेली आणि थांबली. शेवटच्या फाईलीवर तारीख होती: तीन ऑक्टोबर.

तिनं पुन्हा यादी काढली. तीन ऑक्टोबर.

डिस्क भरली असेल म्हणून पाहिलं, तर निम्म्याहून जास्त रिकामी होती. सर्व्हरचा पासवर्ड बदलला असेल म्हणावं, तर तो तिनंच बदलला असता. मग तिनं क्रॉनची स्वतःची दैनंदिनी उघडली. रोज रात्री दोनची नोंद, एकाखाली एक, ओळीनं. तीन ऑक्टोबरला शेवटची. त्यानंतर चुकीचीही नोंद नाही, यशाचीही नाही. गडी कामाला येऊन अडखळला नव्हता. तो आलाच नव्हता.

एवढ्यात त्रिंबकमामा चहा घेऊन आले. संस्थेचे शिपाई, साठीला टेकलेले, ऑफिस उघडणं आणि बंद करणं त्यांच्याकडं. आम्रपालीला त्यांनी परकर-पोलक्यात याच शाळेच्या वसतिगृहात पाहिलेलं होतं.

"मामा," तिनं कप हातात न घेताच विचारलं, "हा संगणक रात्री चालूच असतो ना?"

"रात्री?" मामा छाती काढून म्हणाले, "रात्री हितं उंदराच्या बापालाबी उजेड मिळत न्हाई. मेन पाडल्याबिगर मी कुलूपच लावत न्हाई ताई. दसरा झाल्यापास्नं एक दीस चुकलो न्हाई."

आम्रपालीला सगळं एकदम आठवलं. दसऱ्याच्या दिवशी शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात वायर जळून अर्धं दुकान काळं झालं होतं. दुसऱ्या दिवशी संस्थेत सूचना निघाली: कार्यालय बंद करताना मुख्य स्विच बंद करावा. सूचना सगळ्यांकडं फिरली, सगळ्यांनी खाली सह्या केल्या. सूचना आली की 'वाचले' लिहून सही ठोकायची आणि पुढच्याकडं सरकवायची, ही इथली रीतच. अकरा सह्यांमधली चौथी आम्रपालीची होती. मामांनी त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहाला मेन पाडला. संगणकच बंद, तर त्याच्यातला गडी रात्री दोनला उठणार कसा? आणि झोपलेला गडी 'मी झोपलोय' अशी मेल तरी कशी पाठवणार? ती आपली दीड महिना समजत राहिली, की ओरड नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

"कावून? काय झालं?" मामांचा चेहरा उतरला. "माझं काय चुकलं का?"

"तुमचं नाही मामा. सही माझी आहे."

चहावर साय धरत होती. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. अजून एक आशा होती. सर्व्हरच्या स्वतःच्या फडताळात चौदा वह्या असतात. तिनं बोटांवर हिशेब लावला. एकतीस ऑक्टोबरच्या संध्याकाळची वही एक नोव्हेंबरला बंद झाली, ती पहिली. दोनला दुसरी. तीनला तिसरी. असं करत चौदा नोव्हेंबरला, म्हणजे काल, चौदावी. काल ती वही फडताळात शेवटच्या जागेवर होती.

आणि आज?

वह्या बदलायची वेळ तिला तोंडपाठ होती. सकाळी सहा पंचवीस. तिनं पुन्हा घड्याळाकडं पाहिलं. आज सकाळी सहा पंचवीसला, ती घरी भाजी चिरत असताना, बायनाबाई एसटीत लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली असताना, ती वही फाडली गेली असणार. पाच तासांनी चुकलं होतं. काल यादी लागल्याबरोबर कुणी विचारलं असतं, तर चुकलं नसतं.

दाराशी चाहूल लागली. बायनाबाई आत न येता उंबऱ्याबाहेरच उभी होती. "घावलं का म्याडम?"

"शोधतेय मावशी. बसा तुम्ही."

"बसते की. मला काय घाई न्हाई," बायनाबाई म्हणाली आणि तशीच उभी राहिली.

आम्रपालीनं पडद्याकडं तोंड फिरवलं. तेव्हा तिच्या मनात जे आलं, ते तिनं पुढं कुणालाही सांगितलं नाही. लॉग म्हणजे शेवटी साधा मजकूर. ओळी ठरलेल्या साच्याच्या. तारीख, वेळ, केंद्र, अर्ज क्रमांक, उत्तराचा आकडा. शहादेव खोटं बोलत नव्हता, हे तिला आतून माहीत होतं. तिनं तीन ओळी हातानं लिहिल्या तर ते खोटं कसं? जे घडलं तेच तर ती लिहिणार होती. या इमारतीत ते ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. साचा नीट उतरावा म्हणून एक खरी ओळ समोर हवी, एवढ्याचसाठी तिनं सर्व्हरवर जाऊन चालू लॉग उघडला. निदान स्वतःला तिनं तसंच सांगितलं.

शेवटची ओळ पडद्यावर आली. कुणी तरी आत्ताच, याच क्षणी, वेबसाइटवर यादी पाहत होतं. पंधरा नोव्हेंबर. वेळ सहा वाजून तीन मिनिटं.

तिनं भिंतीवर पाहिलं. अकरा तेहतीस.

ती पडद्यापुढं वाकली. ओळीच्या टोकाला चार शून्यं होती, जी तिनं हजार वेळा पाहिली होती आणि हजार वेळा सोडून दिली होती. सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालत होतं. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. सर्व्हरच्या लेखी अजून सकाळचे सहाच वाजले होते. त्याचे सहा पंचवीस म्हणजे बीडचे अकरा पंचावन्न.

वही अजून फाडली गेली नव्हती. बावीस मिनिटं होती.

तिनं खोटी ओळ लिहायला उघडलेलं कोरं पान आधी बंद केलं. मग तिनं जे केलं, ते घाईतला माणूस नेहमी करतो. तीन वर्षं जे काम तो गडी करायचा, तेच तिनं हातानं सुरू केलं, जसंच्या तसं. चौदाच्या चौदा वह्या सर्व्हरवरून बीडला आणायच्या, क्रमानं, पहिलीपासून. पडद्यावर टक्के सरकायला लागले. पहिली वही कालचीच, यादी पाहायला अख्खा जिल्हा येऊन गेलेला, त्यामुळं भलीमोठी. एक टक्का. दोन टक्के. ऑफिसचं इंटरनेट दिवसा नेहमी रखडायचं, पण आज ते रखडत होतं की मुद्दाम थांबत होतं, तेच कळेना.

अकरा एकेचाळीसला पहिली वही आली. दुसरी सुरू झाली. तेरा शिल्लक आणि मिनिटं चौदाच.

तिनं मोबाईलचं नेट जोडलं. त्या नादात चालू असलेली जोडणी तुटली आणि दुसरी वही पुन्हा पहिल्यापासून यायला लागली. अकरा सेहेचाळीस. त्रिंबकमामा मीटरच्या पेटीजवळ जाऊन उभे राहिले, जणू आता वीज गेलीच तर ती हातानं धरून ठेवणार होते. बाहेर संगीताचं वाचन तेवढं थांबून थांबून ऐकू येत होतं.

"म्याडम, काय चाललंय ते मला सांगता का?" बायनाबाई आता आत आली होती. "नुसतं हुबं ऱ्हाऊन जीव जातुया माझा."

पडद्यावरून नजर न काढता आम्रपाली म्हणाली, "मावशी, तुमचा कागद तिकडं लांब एका घरात आहे. तिथं चौदा पेट्या आहेत. तुमचा कागद शेवटच्या पेटीत. आठ मिनिटांत ती पेटी जळणार. मी पेट्या इकडं आणतेय, पण रस्ता लहान आहे. तुमच्या पेटीपर्यंत पोचतच नाही."

बायनाबाईनं पडद्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"औंदा आमच्या घरात पाणी शिरलं तवा मी काय संसार गावाबाहीर नेत बसले व्हय? लेकरू उचललं अन् वर माळवदावर ठिवलं. त्याच घराच्या. बाकीचं मागनं बगितलं."

आम्रपालीचे हात थांबले.

त्याच घराच्या. वही बीडला आणायची गरजच काय होती? सर्व्हरवरच ती चौदावी वही उचलून दुसऱ्या खोलीत ठेवायची. फाडणारा फक्त फडताळातल्या वह्या फाडतो. बाजूच्या खोलीकडं तो बघतही नाही. एका ओळीची आज्ञा. कॉम्प्युटरच्या कोर्सला तिसऱ्या दिवशी शिकवतात, आणि पंधरा मिनिटं तिला ती सुचली नव्हती.

तिनं चालू काम मोडलं. आज्ञा लिहिली. सर्व्हरनं उत्तर दिलं: असं फोल्डर नाही. तिनं नाव चुकवलं होतं. अकरा बावन्न. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, एक श्वास घेतला आणि एकेक अक्षर पाहत पुन्हा लिहिलं. पहिल्या इयत्तेतलं पोर पाटीवर लिहितं तसं.

सर्व्हर काहीच बोलला नाही. लिनक्समध्ये काम झालं की तो असाच गप्प बसतो. पण गप्प बसण्यावर विश्वास ठेवायचा दिवस आज नव्हता. तिनं ती खोली उघडून पाहिली. वही होती. वजन तेवढंच होतं. तारीख तीच होती.

ती हलली नाही. अकरा पंचावन्न झाले, छप्पन्न झाले. मग तिनं फडताळाची यादी पुन्हा काढली. सगळे क्रमांक एकानं पुढं सरकले होते आणि चौदाव्या जागेवर आता दुसऱ्याच दिवसाची वही होती. जिची जागा गेली, तिची ही एकच नक्कल जगात उरली होती. तिनं ती आधी बीडला आणली, मग पेन ड्राइव्हवर घेतली आणि मगच उघडली.

११४७. तीन ओळी.

"घावलं," ती म्हणाली.

बैठक दोनला सुरू झाली. समितीत मंजुळाबाई होत्या आणि हरिओम होते, जिल्हा न्यायालयात वकिली करणारे, संस्थेचे विश्वस्त. आणखी तिघं होते, पण बोलायचं काम हरिओम यांच्याकडंच असे. आम्रपालीनं छापलेलं पान पुढं ठेवलं आणि पहिल्यांदा बॅकअपचं सांगितलं. तीन ऑक्टोबरपासून नकला होत नव्हत्या. सूचनेवर सही करताना तिच्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. वर्षभराचे लॉग आहेत हे तिनं सकाळी सांगितलं, ते तपासून न पाहता सांगितलं. तिची नेमणूक दर वर्षी मार्चमध्ये नव्यानं व्हायची, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मंजुळाबाईंनी फक्त मान हलवली आणि पुढं बोल अशी खूण केली.

मग तिनं त्या तीन ओळी समजावून दिल्या. वेळ अकरा वाजून अकरा, अकरा सोळा आणि अकरा बावीस, पण ती ग्रिनिचची. साडेपाच तास मिळवले की चार एक्केचाळीस, चार सेहेचाळीस, चार बावन्न. तिन्ही पाचच्या आतल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी पाचशेचा आकडा होता. पाचशे म्हणजे चूक येणाऱ्याची नाही, दाराची. त्या घटकेला गर्दीनं सर्व्हर गुदमरला होता.

हरिओम यांनी पान उचलून उजेडाकडं धरलं. "ताई, राग मानू नका. आमच्या कोर्टात हाच प्रश्न पहिला येतो. ही ओळ तुम्ही आज सकाळी बसून लिहिली नाही कशावरून?"

सकाळचं ते कोरं पान आम्रपालीच्या डोळ्यांपुढं आलं. क्षणभर तिला वाटलं, यांना दिसतंय. मग ती सावकाश म्हणाली, "लिहिता आली असती साहेब. म्हणून मी आणखी दोन ओळी काढल्यात. माझ्याकडं कुणी त्या विचारायला आलेलं नाही. ११५१, केंद्र सत्तावीस, चार सत्तेचाळीस. ११६३, केंद्र नऊ, चार अठ्ठावन्न. तेच पाचशे. दोन्ही यादीत नाहीत. या मुली कोण, मला माहीत नाही. केंद्रवाल्यांना वहीत लिहायची सवय आहे. तुम्हीच विचारा."

मंजुळाबाईंनी फोन मधोमध ठेवला आणि स्वतः शहादेवला लावला. बैठकीचं काही न सांगता एवढंच विचारलं, की ११५१ कुणाचा. पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"अकराशे एकावन्न... दीपमाला, बाई. जीवन कांबळ्याची पोरगी. पावणेपाचच्या सुमारास भरलाय. कावून, तिचंबी नाव न्हाई का?"

केंद्र नऊलाही फोन गेला. तिथल्या वहीतही ११६३ निघाला. ती मुलगी गेवराईत मामाकडं होती, उद्या येऊ शकत होती. हरिओम यांनी पान खाली ठेवलं आणि त्यावर आपली सही केली. 'वाचले' असं न लिहिता त्यांनी लिहिलं, 'तपासले'.

संगीताचं नाव लागलं. तिला आत बोलावून मंजुळाबाईंनी विचारलं, बाहेर काय काय वाचलंस. तिनं आग लागली तर काय करायचं ते सगळं न अडखळता सांगितलं आणि शेवटी म्हणाली, की बोर्डावर 'विझवणे'चा झ पुसून गेलाय. त्रिंबकमामांनी ते तेवढ्यात बाहेर जाऊन पाहिलंही.

राहिली दीपमाला. जीवन कांबळेची टोळी आठ दिवसांपूर्वीच कर्नाटकात गेली होती. शहादेवनं दिलेल्या नंबरावर आम्रपालीनं फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. बंदच. मंजुळाबाईंनी एक जागा तीस तारखेपर्यंत रिकामी ठेवायचं ठरवलं. त्यापुढं ती ठेवता येणार नाही, हेही सांगितलं.

कड्याची एसटी साडेचारची होती. तोपर्यंत आम्रपालीनं गड्याची वेळ बदलली: रात्री दोनऐवजी सकाळी अकरा, संगणक चालू असताना. काही अडलं की मेल, ही जुनी रीतही बदलली. आता नक्कल झाली की रोज मेल येणार होती, आणि ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी तिनं उठून पाहायचं होतं. मामांनी मेनच्या पेटीवर चिकटवायला कागद मागितला. काय लिहायचं ते त्यांनीच सांगितलं: पाडण्याआधी आम्रपालीताईला विचारा. तो कागद मामा स्वतःसाठीच लावत होते, कारण मेन पाडणारं दुसरं कुणी नव्हतं.

बायनाबाई निघताना आम्रपालीच्या टेबलाशी आली. "आमची टोळीबी त्याच अंगाला जायची हाय. पैल्या बाजाराला इचारते. कांबळ्याची टोळी म्हणल्यावर कुणी बी सांगंल."

"नक्की का मावशी?"

"आता नक्की कसं म्हनू? इचारते म्हनले."

आम्रपालीनं वहीतून पान फाडलं. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: दीपमाला जीवन कांबळे, अर्ज ११५१, नाव लागू शकतं, तीस नोव्हेंबरच्या आत बीडला या. खाली स्वतःचा फोन नंबर. पान पुढं करता करता तिनं हात मागं घेतला, दुसरं पान फाडलं आणि तेच पुन्हा लिहिलं.

"एक पिशवीत ठेवा," ती म्हणाली, "आणि एक मालकांच्या खिशात. एकाच ठिकाणी नको."

बायनाबाईनं दोन्ही पानांच्या घड्या घातल्या. एक पिशवीत टाकली, दुसरी कनवटीला खोचली आणि वरून हात दाबून पाहिला. संगीता आईला फाटकापर्यंत पोचवायला गेली. आम्रपालीनं पुन्हा फोन उचलला आणि तो नंबर लावला. बंद होता. तिनं वेळ पाहून समोरच्या कागदावर नोंद केली: चार वाजून पाच, उत्तर नाही. खाली पुढच्या ओळीसाठी जागा सोडली.